विहिणीचा मायना

मु. बोरवाडी, ता. औसा, जि. लातूर
१२ जानेवारी १९८३

विहीणबाई नागुबाई यांना बोरवाडीच्या पारूबाईचं शरणार्थ.

हे पत्र माझ्या हातचं हाय. कुणाकडून लिहून घेतलेलं न्हाई. अक्षर वाकडं दिसलं तरी वाचा.

आमच्या गावात संध्याकाळी बायांचा वर्ग भरतो. महानंदा नावाची पोरगी शिकवती, औशाची हाय. आदी आम्ही पाटीवर आपापली नावं गिरवली, मंग यष्टीवरच्या पाट्या वाचायला शिकलो. आता पत्रं चालू हायेत. पुस्तकात दिलंय की वडलाला तीर्थरूप लिहायचं, मैत्रिणीला प्रिय, साहेबाला महोदय. विहिणीला काय लिहायचं ते दिलं न्हाई. मी महानंदाला विचारलं. तिनं पुस्तक मागंपुढं चाळलं आन् म्हनली, "मावशी, विहिणी एकमेकीला लिहीत नसतील, व्याही लिहितात."

ती खरंच बोलली. आपल्या दोन घरातली पत्रं आजवर गड्यांनीच लिहिली. आमच्या वैजनाथच्या आप्पांनी गुरुजींकडून लिहून घेतलं की, सुनेला बाळंतपणाला नेऊन लई दिवस झाले, आता पाठवा. तुमच्याकडून व्याह्यांचं, जगदेवीच्या दादांचं, उत्तर आलं, त्यात मुद्दा एक, मुद्दा दोन असं होतं. आप्पा ते वाचून घेतल्यापासून जेवताना बोलत न्हाईत. वैजनाथ दिवाळीला तुमच्याकडं गेला तर जगदेवी आतल्या खोलीतून बाहीर आली न्हाई. तो दुसऱ्या गाडीनं माघारी आला. काय झालं ते त्यानं मला अजून सांगितलं न्हाई.

म्हनून मी लिहिते. जगदेवी कशी हाय? नात कुणावर गेली? आमचा लातूर जिल्हा झाला त्याच महिन्यात ती झाली, आन् मी तिला अजून पाहिलं न्हाई.

उत्तर बंद पत्रातच पाठवा, कार्ड नको. आन् पत्त्यावर आता जिल्हा लातूर टाका. उस्मानाबाद टाकलं तर पत्र फिरून येतं.

पारूबाई

---

देगलूर, जि. नांदेड
दि. २४ जानेवारी १९८३

प्रति,
सौ. पारूबाई मन्मथप्पा, मौजे बोरवाडी

विषय : आपले पत्र पोहोचल्याबाबत.

महोदया,

उपरोक्त विषयी कळविण्यात येते की, आपले दि. १२ चे पत्र मिळाले. वाचून समाधान झाले. चि. जगदेवी व तिची मुलगी यांची प्रकृती ठीक आहे. मुलगी वर्णाने सावळी असून कपाळ आपल्या घराण्याचे आहे, असे पाहणाऱ्यांचे म्हणणे आहे.

सदर पत्र मीही स्वहस्ते लिहिले आहे. जगदेवीचे दादा तहसील कचेरीसमोर अर्जनवीस आहेत, हे आपणास विदित आहेच. लोक त्यांना तोंडी सांगतात, ते कच्चे लिहितात आणि त्याची पक्की प्रत मी घरी उतरून देते. लग्न होऊन आले तेव्हापासून हेच काम करीत असल्याने अन्य प्रकारच्या लेखनाचा सराव नाही. तरी चूकभूल माफ असावी.

जगदेवीस सासरी पाठविण्याबाबत यथावकाश कळविण्यात येईल.

आपली विश्वासू,
नागुबाई रेवणसिद्धप्पा

---

बोरवाडी
६ फेब्रुवारी १९८३

विहीणबाई,

तुमचं पत्र मी महानंदाला दाखवलं. 'यथावकाश' म्हणजे काय, ते विचारायचं होतं. ती म्हनली, "सवडीनं." मंग जराशानं म्हनली, "मावशी, कचेरीत ह्याचा अर्थ कधीच न्हाई, असा बी होतो."

मला वाईट वाटलं, खोटं कशाला लिहू. अक्षर किती देखणं तुमचं. पण सगळं पत्र वाचून झालं तरी तुम्ही कुठं दिसल्या न्हाईत. एक तेवढं कपाळाचं वाक्य मी तीनदा वाचलं.

आता मी सरळ विचारते, तुम्ही बी सरळ सांगा. इथं लोक बोलून राहिलेत की, देगलूरवाल्यांना जावई तिकडंच ठेवून घ्यायचाय, म्हनून लेक दाबून धरली. तसं असंल तर तसं लिहा. वैजनाथ एकुलता हाय. तो तिकडं यायचा न्हाई, पण निदान आम्हाला कळंल तरी.

आन् एक काम हाय. औंदा पाऊस कसा झाला ते तुम्हाला ठाऊक हाय. गावच्या आडात चिखल उरला. आता सगळं गाव माळाच्या अंगाच्या पायऱ्यांच्या जुन्या विहिरीवर जातं, आन् तिचं बी पाणी तळाला गेलंय. बायांनी ठरवलंय की वर्गात नुसतं खोटं खोटं पत्र लिहिण्यापरीस हातपंपाचा खरा अर्ज लिहावा. सरपंचानं मागं एक लिहिला होता, तो जुन्या सवयीनं उस्मानाबादला धाडला. महानंदाला पुस्तकातला अर्ज येतो, शाळा सुटायच्या दाखल्याचा. तुमचं तर सगळं आयुष्य ह्यात गेलं. खरा अर्ज कसा लिहायचा ते सांगा.

भांडण असलं तरी एवढं सांगाल ना?

पारूबाई

---

देगलूर
दि. २० फेब्रुवारी १९८३

सौ. पारूबाई यांस नागुबाईचा नमस्कार.

'महोदया' या वेळी लिहिले नाही. पुढे काय लिहावे, ते मात्र सुचत नाही. म्हणून आधी अर्जाचे लिहिते.

वर 'मा. जिल्हाधिकारी साहेब, लातूर यांच्या सेवेशी' असे लिहा. एक प्रत औशाच्या तहसीलदारांना द्या आणि ती दिली आहे, हे खाली लिहा. एका अर्जात एकच मागणी मागा. हातपंप, रस्ता आणि शाळेची खोली असे तिन्ही मागितले की तिन्ही राहतात. गावात घरे किती, पाणी कुठून आणता, ती विहीर किती लांब, उतरायला पायऱ्या कशा आहेत, हे लिहा. जे डोळ्यांनी दिसते तेच लिहा. अर्जात रडू नका. जगदेवीचे दादा म्हणतात, साहेब सकाळपासून रडणेच वाचत असतो. ज्या अर्जात रडणे नाही तिथे त्याची नजर थांबते. शेवटी ज्यांना येतात त्यांच्या सह्या घ्या, अंगठे नंतर. पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका.

हे सगळे मला झोपेतही लिहिता येते. दुसरे येत नाही. तुमचे पत्र आल्यापासून रोज दुपारी कागद घेऊन बसते. 'प्रिय' लिहिते, खोडते. माझ्या हाताने आजवर किती लोकांची गाऱ्हाणी उतरली, पण माझे स्वतःचे एक वाक्य उतरत नाही. तुम्ही बोलता तसे लिहिता. ते कसे करता, मला सांगा.

जावई ठेवून घेण्याचे खोटे आहे. शपथेवर लिहून देते. जगदेवी न येण्याचे कारण आहे, पण ती गोष्ट माझी नाही. जिची आहे तिने मला बोलू नको म्हणून सांगितले आहे. एवढ्यावर विश्वास ठेवा.

नागुबाई

---

बोरवाडी
१४ मार्च १९८३

नागुबाई,

अर्ज गेला. तुम्ही सांगितला तसाच लिहिला. वर्गातल्या बायांनी विहिरीवर जाऊन पायऱ्या मोजल्या, मोडक्या किती, निसटत्या किती, ते बी लिहिलं. पंचफुला म्हनली, "पाण्यावाचून आमची लेकरं तडफडून राहिलीत, असं टाका." मी म्हनलं, "टाकायचं न्हाई, विहीणबाईनं सांगितलंय." महानंदा आन् मी लातूरला गेलो. नव्या कचेरीत माणसं खुर्च्या इकडून तिकडं नेत होती. एका बाईनं अर्ज घेतला, शिक्का मारला आन् पोच दिली. पोचंवर माझं नाव हाय. आप्पांना दाखवली. ते लई वेळ बघत बसले.

तुम्ही विचारलं, बोलल्यासारखं कसं लिहायचं. मला काय येतं म्हनून मी सांगू? मी करते ते सांगते. चूल इझली की उंबऱ्यापाशी बसते आन् समजते की, तुम्ही समोर तांदूळ निवडून राहिल्यात. मंग तोंडानं बोलते. जे बोलले तेच लिहिते. 'सदर' आन् 'उपरोक्त' तोंडातून येतच न्हाई, मंग कागदावर कुठून येणार.

आता जे लिहिते ते लिहू का नको, असं दोन दिवस चाललं होतं. आप्पा औशाला वकिलाकडं जाऊन आले. जगदेवीच्या नावानं नोटीस काढायची म्हणतात. वैजनाथ हो बी म्हणत न्हाई आन् न्हाई बी म्हणत न्हाई, रोजगार हमीच्या तलावावर जातो आन् मुका येतो. नोटीस तुमच्या घरी आली की जगदेवीचे दादा तिला उत्तर देतील. ते त्यांचं काम हाय, ते चांगलं देतील. मंग आमच्याकडून आणखी एक जाईल. कागदाला कागद लागत गेला की पोरांचा संसार त्याच्या खाली जाईल, आन् मंग तुम्हाला मला काय बी लिहून उपेग न्हाई.

ती गोष्ट तुमची न्हाई म्हनता. मंग जिची हाय तिला माझं हे पत्र वाचून दाखवा. तिला म्हणावं, मी विचारते. आप्पा न्हाई, वैजनाथ न्हाई, मी.

पारूबाई

---

देगलूर
२२ मार्च

पारूबाई,

तुम्ही सांगितलं तशी उंबऱ्याशी बसलेय. समोर तुम्ही आहात असं समजतेय. जगदेवी शेजारी बसून पोरीला पाजून राहिली आहे. तुमचं पत्र तिला वाचून दाखवलं. ती म्हणाली, "लिही अव्वा."

माहेरी येण्याच्या आधी, मागच्या उन्हाळ्यात, गावचा आड आटला म्हणून ती तुमच्या त्या पायऱ्यांच्या विहिरीवर गेली होती. सातवा महिना चालू होता. डोक्यावर एक घागर, कमरेवर एक. पाणी तळाला गेलेलं, खालच्या पायऱ्या शेवाळलेल्या. वर येताना पाय निसटला. घागरी पाण्यात गेल्या आणि ती भिंतीतल्या उंबराच्या मुळीला धरून लोंबकळत राहिली. खाली कुणी नव्हतं. मागून पाण्याला आलेल्या एका बाईनं तिचा पदर धरून तिला वर ओढलं. ती बाई तांड्यावरची होती, नाव हिला माहीत नाही.

घरी येऊन तिनं तुम्हाला सांगितलं की, घागरी हातातून सुटल्या. तुम्ही म्हणालात, "जाऊ दे, घागरीचं काय." ती म्हणते, त्या वेळीच सांगणार होते. पण सांगितलं असतं तर आत्याबाईंनी मला घरी बसवलं असतं आणि स्वतः गेल्या असत्या. त्यांच्या गुडघ्याला पायऱ्या उतरणं सोसत नाही. म्हणून ती पुढंही पाण्याला जात राहिली, माहेरी येईपर्यंत. रोज. पोटात पोर घेऊन. कुणाला बोलली नाही.

इथं आली तेव्हा कळलं. नळाखाली बादली भरायला लागली की हिच्या हाताला कापरं भरतं. बाळंतपण नीट झालं, देवाची कृपा. पण सासरचं नाव काढलं की झोपेत पायरी चुकल्यासारखी दचकते. दिवाळीला जावई आले तेव्हा ती आत का बसली, ते विचारलं. म्हणाली, "ते चल म्हणाले असते तर मी गेले असते, अव्वा. मग पुन्हा तीच विहीर."

जगदेवीच्या दादांना मी यातलं काही सांगितलं नव्हतं. त्यांना वाटलं, लेकीला तिकडं त्रास आहे आणि ती बोलत नाही. म्हणून त्यांनी तसं मुद्देवार लिहिलं. काल त्यांनाही सांगितलं. ते म्हणाले, "हे मला आधी कळलं असतं तर मी पत्र लिहिलंच नसतं, येऊन बोललो असतो."

एवढं लिहिलं.

नागुबाई

---

बोरवाडी
३ एप्रिल १९८३

नागुबाई,

तुमचं पत्र आलं त्याच दिवशी आप्पा नोटिशीचा कागद घेऊन औशाहून आले. पोष्टात टाकायच्या आदी मला म्हनले, "तुला आता वाचता येतं ना, वाच." त्यांच्या मनात अभिमानच असंल. मी बोट ठेवून वाचलं. 'कोणतेही सबळ कारण नसताना' असं त्यात होतं. तिथं बोट थांबवलं.

मी म्हनलं, "ह्यातलं एक वाक्य खोटं हाय."

ते म्हनले, "कोणतं?"

मी तुमचं पत्र काढलं आन् वाचून दाखवलं. वैजनाथ दारात चपला काढत होता, तो तिथंच उभा राहिला. मंग आप्पांनी एवढंच विचारलं, "कोणती पायरी?"

मला ठाऊक नव्हतं. सकाळी उजाडायच्या आत ते उठून गेले. माघारी आले तर धोतर गुडघ्यापतूर ओलं आन् हाताला शेवाळ. म्हनले, "माझा इथं जन्म गेला, पण मी त्या पायऱ्या पाणी घेऊन चढलो न्हाई कधी." मंग औशाला गेले आन् वकिलाला नको म्हनून सांगून आले.

वैजनाथचं सांगते. त्या दिवशी तो तलावावर गेला न्हाई. विहिरीच्या काठावर बसून होता. दोन दिवसांनी बापलेकांनी पंचांना विचारून विहिरीच्या तोंडावर आडवं लाकूड टाकलं आन् त्याला कप्पी बसवली. आता वरून दोर सोडून पाणी ओढता येतं, पायऱ्या उतरायचं काम न्हाई. गावाला इतक्या वर्सांत हे कुणाला सुचलं न्हाई, कारण पाण्याला बाया जातात आन् लाकूड तोडायचं गड्यांच्या हातात.

म्हनून जगदेवीला पाठवा, असं मी म्हणत न्हाई. पाऊस पडेस्तोवर तिला तिकडंच राहू द्या. लोक बोलतील, बोलू द्या. खाली तिच्यासाठी चार ओळी लिहिल्यात, तिच्या हातात द्या.

पारूबाई

चि. जगदेवीस,

सुनेला पत्र कसं लिहायचं ते बी पुस्तकात न्हाई. तू घागरी सुटल्या म्हनलीस आन् मी तुझ्या तोंडाकडं पाहिलं न्हाई, चुलीकडं पाहत बसले. तू माझ्या गुडघ्याचा इचार केलास. मला तेव्हा कळलं असतं तर मी खरंच गेले असते, ते तुझं खरं हाय. तुला वाटंल तवा ये. नाही वाटलं तर नको येऊ. तुझी भीती जाईस्तोवर मी वाट बघीन आन् वैजनाथला बी बघायला लावीन.

पोरीला माझा मुका.

---

देगलूर
१५ एप्रिल १९८३

आत्याबाईंना जगदेवीचा शिरसाष्टांग नमस्कार.

मी सातवी पास आहे, पण शाळेत सहलीची परवानगी मागायचं पत्र लिहिलं तेवढंच. सासूला लिहीन असं कधी वाटलं नव्हतं.

तुम्ही पाऊस पडेस्तोवर राहा म्हणालात. अव्वाला हायसं वाटलं. मला नाही वाटलं. इथं नळ आहे, सगळं आहे, पण पोरगी आता माणसं ओळखायला लागली आणि तिच्या ओळखीत तुम्ही कुणीच नाही. मला भीती विहिरीची आहे. तुमची नव्हती, मामंजींची नव्हती, यांचीही नव्हती. हे एवढं सांगायचं राहिलं आणि दिवस गेले तसं ते सांगणं आणखी जड झालं. तुम्हाला वाटलं असेल, हिला घरच नको. तसं नाही.

मी येते. यांना घ्यायला पाठवा. यावेळी मी आत बसणार नाही. पण एक आधीच लिहून ठेवते, मी लगेच विहिरीवर जाईन असं नाही. कप्पी असली तरी. तुम्ही कुणी चल म्हणू नका. माझं मला जाऊ द्या.

दादा म्हणतात, तेही सोबत येतील, मामंजींना भेटायचंय. पत्र लिहिणार नाहीत म्हणाले.

तुमची,
जगदेवी

---

बोरवाडी
९ मे १९८३

नागुबाई,

लेक पोचल्याचं जगदेवीच्या दादांनी तिकडं सांगितलंच असंल. ते आन् आप्पा ओसरीवर बसले. आदी पावसाचं बोलले, मंग बैलाच्या चाऱ्याचं, मंग जिल्ह्याचं. पत्राचं कुणीच काढलं न्हाई. जाताना आप्पा त्यांना औशापतूर सोडायला गेले आन् गाडी हलेस्तोवर थांबले, वैजनाथ सांगत होता.

लातूरहून कागद आलाय. अर्ज पावला, गावाचं नाव हातपंपाच्या यादीत घेतलं, असं त्यात हाय. मी वर्गात सगळ्यांना वाचून दाखवला. पाणी अजून कागदावरच हाय, पण यादीत हाय.

आता जगदेवीचं लिहिते, तुम्ही त्याचीच वाट बघत असाल. आल्यापासून ती पाण्याला गेली न्हाई. वैजनाथ सकाळी कामावर जायच्या आदी पाणी ओढून आणतो. आळीतले गडी हसले, आता दोघंतिघं तेच करतात. जगदेवीला कुणी चल म्हनलं न्हाई. एकदा ती माझ्यासंगं माळापतूर आली, विहीर दिसली तिथं उभी राहिली आन् माघारी फिरली. मी बी फिरले. वाटंनं आम्ही पोरीच्या दातांचं बोललो.

आज सकाळी मी उठले तर ती घरात नव्हती. पोरगी पाळण्यात जागीच होती, हात हलवून राहिली होती. वैजनाथ अजून झोपलेला. मी कुणाला उठवलं न्हाई. पोरीला घेऊन अंगणात उभी राहिले.

ती माळाकडून आली. डोक्यावर एकच घागर. कोपरापतूर दोन्ही हात ओले, तोंड पांढरं. माझ्याकडं बघितलं न्हाई. सरळ न्हाणीपाशी आली, घागर उतरवली आन् भिंतीला हात टेकून उभी राहिली.

मी दगडावर बसले, पाय लांब केले आन् नातीला पायांवर पालथं घातलं. आजपतूर तिची आंघोळ जगदेवीच घालायची. पोरगी आदी कुरकुरली, मंग गप झाली. तिच्या पाठीवर तुमच्याकडचा तीळ हाय, तो मला आजच दिसला.

जगदेवीनं तांब्या घागरीत बुडवला. तिचा हात कापत होता, पण भरलेला तांब्या तिनं वर आणला आन् तशीच थांबली.

मी म्हनलं, "ओत."

पारूबाई